मांडवी लाल का होते? थोडं मागे जाऊन बघू

गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही मांडवी म्हटलं की पणजीचा पूल आणि कॅसिनोची जहाजं आठवतात, पण हीच नदी वर सत्तरीत म्हादई म्हणून ओळखली जाते आणि तिची खरी गोष्ट त्या वरच्या बाजूच्या लोखंडाच्या खाणींपासूनच सुरू होते.

पोर्तुगीजांनी 1906 साली खाणींचा कायदा केला आणि त्यातून जी कन्सेशन्स (खाणकामाचे हक्क) वाटली ती मुदतीची नव्हतीच, कायमची. सुरवातीला फार काही घडलं नाही. खरा धंदा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला लोखंड हवं होतं तेव्हा. आता गोव्याचं खनिज तसं हलक्या प्रतीचं, मग परवडलं कसं? तर नदीमुळे! डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणींपासून जेटी जवळ, तिथून बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) भरायची आणि मांडवी किंवा जुवारी नदीतून थेट मुरगाव बंदर. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचं तोंड बंद होतं तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत वळवायचे. इतका स्वस्त रस्ता दुसरा कुठला मिळणार.

पण एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती माती ठेवायची कुठे? खाणीसाठी मिळालेली जागा अरुंद, मग खाणीच्या शेजारीच डोंगराएवढे डंप उभे राहिले, बरेचसे ओढ्यांच्या काठावर, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माती वाहून थेट नदीत, पुढचं सांगायला नको. आता कुणी म्हणेल की कोकणात पावसात सगळ्याच नद्या लाल होतात, खाणवालेही हेच म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नाही, जांभ्या दगडाचा मुलूख आहे. पण डंपची आणि खनिज धुतलेल्या पाण्यातली माती पिठासारखी बारीक असते, ती शेतात बसली की थर धरते, भाताला श्वास घेऊ देत नाही. खाडीकाठच्या खाजन शेतीत (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) हेच झालं, तिसऱ्या आणि खुबे ह्या शिंपल्या ज्या तळाच्या चिखलात वाढतात तिथेही हाच गाळ. आणि खाणी भूजलाच्या खाली गेल्यावर खड्ड्यातलं पाणी सतत पंपाने बाहेर काढायला लागलं, त्यात डिचोलीतल्या शिरगावसारख्या गावांच्या विहिरी आटल्या.

1961 ला गोवा मुक्त झाला तरी कन्सेशन्स तशीच राहिली. ती रद्द करून लीज (मुदतीचे भाडेपट्टे) करायला 1987 उजाडलं!! मग 2000 नंतर चीनची मागणी आली, इतकी की पूर्वी टाकाऊ म्हणून फेकलेले डंपसुद्धा उकरून विकले गेले, म्हणजे जे थोडं गवत-झाडं धरून स्थिर झालं होतं तेही परत सुटं झालं.

बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा रिपोर्ट सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही बंदी घातली. 2014 मध्ये कोर्टाने सांगितलं की लीज 2007 मध्येच संपली होती, आणि वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. तरी 88 लीज पुन्हा रिन्यू झाल्या, त्या 2018 मध्ये कोर्टाने रद्द केल्या. परत सगळं ठप्प. ट्रकवाले, बार्जवाले बसून राहिले, बँकेचे हप्ते थकले, आणि ह्या लोकांना नदीचे शत्रू म्हणणं मला तरी पटत नाही, नफा काही त्यांच्याकडे साठलेला नव्हता.

डिसेंबर 2022 पासून खाणींचे लिलाव सुरू झालेत. जुने डंप अजून उभेच आहेत आणि बंद खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत. उन्हाळ्यात मांडवीला मिळणाऱ्या खांडेपार नदीचं पाणी कमी झालं की ह्याच खड्ड्यांतलं पाणी पंपाने नदीत सोडतात, ते ओपा प्लँटला शुद्ध होतं आणि तिथून लोकांच्या नळाला जातं.