पुलगाव परिसरातील दारूगोळ्याची विल्हेवाट आणि देखरेखीचा प्रश्न : पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीच्या गावांना जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावरील देखरेखीत स्थान मिळावे, हा आग्रह समजून घ्यायचा तर डेपोच्या स्थापनेपेक्षा गेल्या दहा वर्षांकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली, १९ जणांचा बळी गेला आणि आगरगावसह आसपासची गावे रातोरात रिकामी करावी लागली. सदोष सुरुंगांमधून टीएनटी हे स्फोटक पाझरत होते, हे त्यानंतर पुढे आले. चर्चा मात्र आगीपुरतीच राहिली. पाझरलेले स्फोटक मातीत गेले तर पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) गावाजवळच्या, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर, जबलपूरच्या आयुध निर्माणीतून नष्ट करण्यासाठी आणलेला दारूगोळा उतरवताना स्फोट होऊन सहा जण मरण पावले. मृतांमध्ये कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आलेले मजूरही होते. या मैदानावरचे काम असे चालते : खड्डे खोदायचे, पेट्या खाली वाहून न्यायच्या, वर माती लोटायची आणि स्फोट घडवायचा. नंतर उरलेले पितळ आणि लोखंड भंगारात विकले जाते, आणि हाताला दुसरे काम नसलेली माणसे ते वेचायला मैदानात उतरतात. खरिपाचे पीक हातचे गेलेल्या वर्षी ही मजुरी नाकारणे किती कठीण असते, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

स्फोट पूर्ण झाला तर बहुतांश द्रव्य जळून जाते. तो अर्धवट झाला तर स्फोटकाचे तुकडे आजूबाजूला विखुरतात आणि पावसात हळूहळू विरघळतात. टीएनटी चिकणमातीला बऱ्यापैकी चिकटून राहते. आरडीएक्स हे दुसरे स्फोटक तसे चिकटत नाही, ते पाण्याबरोबर दूरवर जाते आणि भूजलात दीर्घकाळ टिकते. दारूगोळ्यात वापरला जाणारा पर्क्लोरेट हा क्षार त्याहूनही सहज वाहतो. वर्धेच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट मुरमात उतरते आणि बेसाल्टच्या फटींतून विहिरींच्या झऱ्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून मैदानाचे कुंपण कोठे संपते यावरून पाण्याचा धोका कोठे संपतो हे ठरवता येत नाही.

कायद्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. सैनिकी सराव आणि तोफखान्याच्या गोळीबारासंबंधीचा १९३८ चा कायदा आजही लागू आहे. झारखंडमधील नेतरहाटच्या आदिवासी गावांनी तीन दशके जिच्याविरुद्ध लढा दिला, ती गोळीबार सरावाची अधिसूचना याच कायद्याखालची होती आणि २०२२ मध्ये तिला मुदतवाढ न देण्याचा निर्णय झाला. वापरलेली जमीन शक्य तितकी पूर्ववत करून द्यावी आणि नुकसानीची भरपाई जागेवर चौकशी करून ठरवावी, असे हा कायदा सांगतो. पण तो सराव आणि गोळीबार यांच्यासाठी आहे, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी नाही. स्फोटकांच्या १८८४ च्या कायद्यातून सशस्त्र दले आणि आयुध निर्माण्या, अपघाताची सूचना व चौकशीची कलमे सोडल्यास, वगळलेल्या आहेत. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत संरक्षण मंत्रालयाच्या आस्थापनांवरील अंमलबजावणी त्याच मंत्रालयाच्या संशोधन यंत्रणेकडे सोपवलेली आहे, म्हणजे ज्याचे काम तपासायचे त्याच्याच घरातला तपासनीस. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेने तर राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट दिली. साठा किती आणि कोठे आहे, हे गुप्त ठेवणे समजू शकते. शेजारच्या विहिरीत काय उतरले, हे गुप्त ठेवण्यामागे संरक्षणाचे कोणते कारण असू शकते, याचे समाधानकारक उत्तर या तरतुदींमध्ये सापडत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड येथे लष्करी तळाखालचे भूजल हेच पिण्याच्या पाण्याचा स्रोत होते. तेथे १९९७ मध्ये सराव मैदानावरील गोळीबारावर केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने बंधने घातली. पुढे २००२ मध्ये राज्याने कायदा करून स्वतंत्र देखरेख आयोग नेमला आणि त्याच्या जोडीला स्थानिक नागरिकांचा समावेश असलेली सल्लागार मंडळे दिली. लष्करी प्रशिक्षण त्यामुळे थांबले नाही.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. १९३८ च्या त्याच कायद्यात भरपाईवरील अपिलासाठी जो आयोग सांगितला आहे, त्याचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, एक सदस्य लष्करी अधिकाऱ्याने नेमलेला असतो आणि दोघे जिल्हा मंडळाने (जिल्हा परिषदेच्या आधीच्या संस्थेने) पाठवलेले असतात. इंग्रजी अमलात जे चालले, ते पाणी आणि माती यांच्यापर्यंत वाढवावे, एवढीच आजची अपेक्षा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत जिल्हा परिषद आणि लगतच्या ग्रामपंचायतींचे सदस्य असावेत, पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींच्या व नाल्यांच्या पाण्याची आरडीएक्स, टीएनटी, पर्क्लोरेट आणि शिसे यांसाठी तपासणी व्हावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.