मेदपेशीजनन (जनुकीय नियंत्रण)

मूलपेशीपासून चरबी साठवणारी मेदपेशी घडण्याची क्रिया. संयोजी ऊतीतली एकच मूलपेशी हाडाची, कूर्चेची किंवा मेदाची पेशी होऊ शकते. जनुके तिन्हींत तीच असतात, पण त्यांतली कोणती चालू आणि कोणती बंद, यावर तिची वाट ठरते.

या क्रियेविषयीची बरीचशी माहिती उंदराच्या पेशींवरून मिळाली. हॉवर्ड ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात उंदराच्या भ्रूणपेशींपासून ‘3टी3-एल1’ हा पेशीवंश (प्रयोगशाळेत वाढत राहणारी एकाच जातीच्या पेशींची साखळी) वेगळा केला. या पेशी बशीभर पसरल्या की त्यांचे विभाजन थांबते. मग त्यांना इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स हे रसायन देतात. काही तासांतच सी/ईबीपी-बीटा आणि सी/ईबीपी-डेल्टा ही इतर जनुके चालू करणारी प्रथिने वाढतात. पेशी पुन्हा एक-दोनदा विभागतात, आणि त्यानंतर पीपीएआर-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा या तशाच आणखी दोन प्रथिनांची जनुके जागी होतात. आठवडाभरात लांबट, चपट्या पेशी गोल होऊन तेलाच्या थेंबांनी भरतात. ऑइल रेड ओ हा रंग घातला की थेंब लालभडक दिसतात, आणि बशीत काय घडले ते नुसत्या डोळ्यांनाही कळते.

या साखळीत खरा मुखत्यार पीपीएआर-गॅमा. आरएक्सआर या जोडीदारासह ते डीएनएवर बसते आणि चरबी आत घेणारी, बनवणारी व थेंबात बांधून ठेवणारी जनुके चालू करते. 1994 साली ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने हे जनुक साध्या तंतुजनक पेशींत घालून त्यांच्या मेदपेशी करून दाखवल्या. सी/ईबीपी-अल्फा नसले तरी पीपीएआर-गॅमाच्या जोरावर मेदपेशी होते, मात्र ती इन्शुलिनला नीट दाद देत नाही. उलट पीपीएआर-गॅमा नसेल तर मेदपेशी होतच नाही. एरवी ही दोन प्रथिने एकमेकांची जनुके चालू ठेवतात, त्यामुळे सुरुवातीचा इशारा ओसरला तरी पेशी मागे फिरत नाही.

आडकाठी घालणारेही आहेत. डब्ल्यूएनटी हा पेशीपेशींतला संदेश, तसेच गाटा-2, गाटा-3 आणि प्रेफ-1 ही प्रथिने पेशीला पूर्वावस्थेत रोखून धरतात. डब्ल्यूएनटीमुळे पेशीचा कल हाडाकडे जातो. पायोग्लिटाझोन ही मधुमेहावरची गोळी पीपीएआर-गॅमालाच चालना देते. ती घेणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचा धोका वाढलेला आढळतो, त्यामागे ही मेद-हाडाची रस्सीखेच असावी असे मानतात. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारतात 2013 साली या गोळीवर काही आठवडे बंदी होती.

चरबी वाढवणारे प्रथिन चेतवून मधुमेह सुधारतो, हे पहिल्यांदा ऐकताना उलटेच वाटते. पण साठवायला धड मेदपेशी नसल्या तर चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. पीपीएआर-गॅमाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत हेच दिसते: हातापायांवरची चरबी कमी, आणि तरीही तीव्र मधुमेह.

प्रथिन कसे बनवायचे ते न सांगणाऱ्या डीएनएचाही वाटा असतो. लठ्ठपणाशी जोडलेल्या एफटीओ जनुकातील एका अक्षराचा बदल प्रथिनाची घडण ठरवणाऱ्या भागात येत नाही. 2015च्या संशोधनानुसार त्या जागी एआरआयडी5बी हे दाबून ठेवणारे प्रथिन बसू शकत नाही. मग दूरवरची आयआरएक्स3 व आयआरएक्स5 ही जनुके जोर धरतात आणि घडत असलेली मेदपेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी साठवणीकडे वळते.