पिकअपची डिस्क ‘वाकली’ म्हणतात तेव्हा खरं काय झालेलं असतं

ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, पायाखाली पेडल धडधडतं, मग कोणीतरी सांगतं की डिस्क वाकलीये, बदलून टाका. बदलली जाते, काही महिने गाडी मस्त चालते आणि मग पुन्हा तेच सुरू. अशा वेळी सगळा दोष रोटरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या या डिस्कच्याच, क्वालिटीवर जातो, पण बहुतेक वेळा तो रोटर वाकलेला नसतोच. त्याची जाडी सगळीकडे एकसारखी राहिलेली नसते एवढंच, आणि ती का बिघडली हे शोधल्याशिवाय नवीन रोटर टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.

आधी हे बघू की रोटर नक्की करतो काय. आपल्याला वाटतं ब्रेकचे पॅड रोटरवर घासले की गाडी थांबते, संपलं. पण गाडीच्या वेगात जी ऊर्जा असते ती कुठेतरी जायला हवी, आणि ती जाते उष्णतेच्या रूपात, मुख्यतः रोटरच्या लोखंडात. 2500 किलोची पिकअप ताशी 100 किमी वेगात असेल तर तिच्यात साधारण 9 लाख 65 हजार जूल ऊर्जा असते, म्हणजे एका थांबण्यात जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधं तीन लिटर पाणी उकळीला येईल. हे सगळं काही सेकंदांत. आणि वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी नाही, पाव होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून उतारावर आधीच गिअर खाली टाकून वेग कमी ठेवणं हा ब्रेक वाचवायचा सगळ्यात चांगला उपाय आहे.

आता हिशोब जरा पुढे नेऊ. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे रिकाम्या पिकअपमध्ये मागचा भाग हलकाच असतो आणि बरंचसं काम पुढच्या चाकांवर येतं. पुढच्या दोन रोटर्सचं मिळून 20 किलो लोखंड धरलं आणि 70 टक्के उष्णता त्यांच्या वाट्याला आली असं मानलं तर एका थांबण्यात त्यांचं तापमान 70 अंशांच्या आसपास वाढतं. मागे एक टन माल भरला की हाच आकडा शंभरच्या आसपास. आणि ही झाली सरासरी, घासणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान त्या क्षणी याहून खूप जास्त असतं. लांब उतारावर असं पुन्हापुन्हा झालं, मध्ये गार व्हायला वेळच मिळाला नाही, तर रोटर कित्येक शे अंशांपर्यंत जातो. म्हणूनच पुढचे रोटर पोकळ, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये पंख्यासारख्या पट्ट्या अशा असतात, फिरताना ते मधून हवा खेचून बाहेर फेकतात. आणि म्हणूनच झिजलेला रोटर धोक्याचा. 28 मिमी जाडीच्या रोटरमध्ये मधली 12 मिमी नुसती हवा असेल तर लोखंड उरलं 16 मिमी, त्यातले 2 मिमी झिजले म्हणजे उष्णता साठवणारा आठवा भाग गेला. वरून बघणाऱ्याला मात्र रोटर ठीकच वाटतो.

बहुतेक रोटर बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे असतात. त्यात कार्बन साधारण 3 ते 4 टक्के, तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडभर पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता पटकन पसरवतात आणि कंपनंही शोषून घेतात. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचे पॅड तांब्याचे होते, त्यांचा आवाज फार व्हायचा. पॅडचं मटेरियल तेव्हापासून कितीतरी वेळा बदललं.

आता मुख्य मुद्दा, थरथर. रोटर हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बसतो. हब आणि रोटर यांच्यामध्ये गंजाचा एक छोटासा पापुद्रा राहिला, समजा 0.05 मिमीचा, तर रोटर तेवढा तिरका बसतो आणि रोटर हबपेक्षा मोठा असल्यामुळे बाहेरच्या कडेला तोच फरक दुप्पट, 0.1 मिमीपर्यंत जातो. बऱ्याच गाड्यांमध्ये चालणारी मर्यादा 0.05 मिमीच्या आसपास असते. पण गंमत अशी की या तिरकेपणाने लगेच काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून रोटरवर दाबणारा भाग, पिनवर सरकतो आणि रोटरबरोबर थोडा हलतो. खरं नुकसान होतं ब्रेक न दाबता गाडी चालताना! तिरका रोटर प्रत्येक फेऱ्यात एकदा पॅडला हलकेच घासून जातो, नेहमी त्याच जागी, आणि चाकाचे दर किलोमीटरला चारशेच्या वर फेरे होतात. हजारो किलोमीटरनंतर ती जागा किंचित पातळ होते, नाहीतर पॅडच्या जातीनुसार तिथे पॅडचं मटेरियल चिकटून ती किंचित जाड होते. जाडीत 0.02 मिमीचा फरक पडला तरी पाय आणि हात तो ओळखतात, कारण प्रत्येक फेऱ्यात कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागेपुढे ढकलला जातो आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून थेट पेडलला येतो. नवीन रोटर टाकल्यावर काही महिने बरं वाटून मग पुन्हा थरथर का सुरू होते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच आहे.

दुसरं एक कारण आहे ते उष्णतेचं. चिकटलेल्या जागी जास्त घर्षण, जास्त घर्षणाने ती जागा जास्त तापते, आणि ती साधारण 700 अंशांच्या वर गेली तर तिथल्या लोखंडाची रचनाच बदलून सिमेंटाइट नावाचं कडक संयुग तयार होतं. ते आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कमी झिजतं म्हणून उंच राहतं, आणि उंच म्हणून अजून तापतं. असा रोटर लेथला लावून वरून साफ केला तरी डाग खोलवर गेलेला असेल तर त्रास परत येतो, तेव्हा तो बदलणंच बरं.

बदलायचा की नाही हे मोजून ठरवा, डोळ्यांनी नाही. किमान जाडी रोटरवरच कोरलेली किंवा ओतलेली असते, मधल्या टोपीवर किंवा कडेला. मोजायला मायक्रोमीटर हवा, कारण रोटरच्या काठावर न झिजलेली कड उरते आणि साधा व्हर्निअर त्या कडेवरच टेकून जास्त जाडी दाखवतो. काठापासून सेंटीमीटरभर आत, गोल फिरत निदान आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा धरायचा. टर्निंग, म्हणजे लेथवर रोटर घासून सपाट, करून घ्यायचं असेल तर टर्निंगनंतरची जाडीही किमानच्या वर राहायला हवी. पावसानंतर दिसणारा लालसर गंज मात्र चार ब्रेक मारले की जातो, त्याला घाबरू नका.

बदलताना गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका, खाली स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे. कॅलिपर काढला की तो तारेने वर बांधून ठेवायचा, होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही, होज आतून फाटला तर बाहेरून कळतही नाही. अडकलेल्या रोटरला बऱ्याचदा आट्यांची दोन भोकं दिलेली असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे आवळले की रोटर सुटतो. मग हब तारेच्या ब्रशने घासून, चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडच्या मुळाशीसुद्धा, चकचकीत करा. माझं स्पष्ट मत आहे की या पूर्ण कामातली सगळ्यात महत्त्वाची ही दहा मिनिटं आहेत आणि घाईत नेमकी हीच टाळली जातात. नवीन रोटरला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा. रोटर बसवून दोनतीन नटांनी आवळा आणि डायल गेज, म्हणजे बारीक हलणं मोजणारं घड्याळासारखं मापक, लावून फिरवून बघा, तिरकेपणा तिथेच कळतो. दोन्ही बाजूंचे रोटर एकत्रच बदलायचे, पॅडही नवीन, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो.

पिस्टन मागे दाबताना ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा, पातळी वर येते आणि सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावा. कॅलिपरच्या सरकपिना साफ करून त्यांचंच ग्रीस लावा, कारण पिन जॅम झाली की एक पॅड सतत टेकून राहतो आणि रोटर एकाच बाजूने झिजतो. ऑइल जुनं असेल तर तेही बदलाच, ते हवेतला ओलावा शोषतं आणि डॉट 3 या जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्यात किमान 205 अंश असतो तो ओलाव्याने 140 पर्यंत उतरू शकतो. माल भरून उतारावर ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जातं.

भोकंवाले रोटर दिसायला छान, पण भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात, ओझं वाहणाऱ्या गाडीला साधे पोकळ रोटरच घ्या. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा, कमीजास्त आवळले तर नवा रोटरही तिरका ओढला जातो. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 15 पर्यंत मध्यम दाबाने आठदहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडचा पातळ थर रोटरवर सगळीकडे सारखा बसतो. त्यानंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून गार होऊ द्या, गरम रोटरवर पेडल दाबून उभं राहिलात तर तिथेच पॅडचा ठसा चिकटतो.