टी ट्री तेल विरुद्ध एमआरएसए: मागची गोष्ट

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचं तेल एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूवर अँटिबायोटिकच्या तोडीचं आहे असं लोक सांगतात, त्यामागची ही गोष्ट. दातदुखीला लवंग, सर्दीला निलगिरी हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको, ते सोडतो. वाशीच्या मसाला मार्केटात ओव्याच्या पोत्याशी उभं राहिलं की जो झणका येतो तो ओव्याच्या तेलातल्या थायमॉलचा, आणि तो जंतुनाशक आहे हे १९व्या शतकातच माहीत होतं. ऑस्ट्रेलियात १९२०च्या दशकात टी ट्री तेलावर काम झालं, मग पेनिसिलिन आलं आणि तेलं मागे पडली.

१९५९ला मेथिसिलिन हे नवं अँटिबायोटिक आलं, १९६१मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू) सापडलासुद्धा. तोच एमआरएसए. पुढे तो हॉस्पिटलांत पसरला तशी तेलांची आठवण झाली.

सगळा घोळ २००४च्या ब्रिटिश ट्रायलचा. नाकात आणि कातडीवर एमआरएसए बाळगणारे २२४ पेशंट, म्हणजे इन्फेक्शन बरं करायचं नव्हतं, नुसता जंतू घालवायचा होता. एका गटाला नेहमीचा उपचार, नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम वगैरे, दुसऱ्याला टी ट्रीचं क्रीम आणि बॉडी वॉश. जंतू गेला नेहमीच्या उपचाराने ४९ टक्के लोकांचा, टी ट्रीने ४१ टक्के, आकडेशास्त्राच्या हिशोबात फरक नाही, झालं, 'तेल अँटिबायोटिकच्या तोडीचं' असं लोक सांगत सुटले. पण फरक सिद्ध न होणं म्हणजे दोन्ही सारखेच असं नाही ना! नाकाचा आकडा वेगळा काढला तर म्युपिरोसिन ७८ टक्के, टी ट्री ४७. कातडीवर मात्र तेल नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं, हेही खरं. नाक आणि कातडी एकाच आकड्यात कोंबल्यावर दोन्ही गोष्टी झाकल्या गेल्या असं माझं मत, आणि ठाण्यात दुकानादुकानात 'अँटिबॅक्टेरियल' लिहिलेली बाटली घेणाऱ्याला यातलं काय कळणार.

२०१३ला छापलेल्या अभ्यासात आयसीयूतल्या ३९१ पेशंटांवर टी ट्री बॉडी वॉश आणि साधा बेबी वॉश पडताळून पाहिला, नवा एमआरएसए लागला अनुक्रमे ८.७ आणि ११.२ टक्क्यांना, हाही फरक ठरला नाही.

आणि आपल्या आयसीयूंची मोठी डोकेदुखी म्हणजे क्लेब्सिएलासारखे ग्रॅम निगेटिव्ह गटातले जंतू. त्यांना बाहेरून एक जादा आवरण असतं, त्यातून तेलकट रेणू सहज घुसत नाहीत, याच गटातला स्यूडोमोनास तर टी ट्री बऱ्यापैकी पचवतो. म्हणून तेल अँटिबायोटिकच्या जोडीनेही तपासतात, ते काम मुख्यतः लॅबमधल्या प्लेटवरच, आणि टी ट्री पोटात घेतलं तर विषारी, त्यामुळे रक्तातल्या इन्फेक्शनला ते पाजायचा विषयच नाही.