तीच माती भाताला गोड, वालाला आंबट

कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि दिवाळी उलटली की पुढच्या जूनपर्यंत जमीन कोरडी पडत जाते. भात कापलं की त्याच मळ्यात अंगओलीवर वाल, कुळीथ, चवळी टाकतात. पुष्कळदा भात चांगलं येतं, पण मागाहून पेरलेला वाल पिवळा आणि खुरटा राहतो. दोष बियाण्याला दिला जातो. कारण मात्र बहुधा मातीत असतं.

कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम युगानुयुगांच्या पावसाने धुऊन नेलं. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. (जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आपले चिरे पाहिले की नाव पटतं.) अशा मातीचा सामू (पीएच; ७ च्या जितका खाली, तितकी माती आंबट, म्हणजे आम्ल) ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं आखूड आणि जाड करतं. घातलेलं स्फुरदही (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. खत पडतं, पण पिकाच्या तोंडी लागत नाही.

मग भात कसं तगतं? चिखलणी करून पाणी साठवलं की मातीतला प्राणवायू संपतो. जिवाणू लोहाच्या ऑक्साइडवर श्वास भागवतात, आणि त्या क्रियेत आम्ल खर्ची पडतं. काही आठवड्यांत सामू आपोआप ६.५ ते ७ च्या घरात येतो आणि अडकलेलं स्फुरदही सुटतं. म्हणून पाणी साठून राहणाऱ्या भाताला आम्ल मारणारा चुना सहसा लागत नाही. उन्हाळ्यात काढलेल्या मातीच्या अहवालात सामू ५.२ दिसला म्हणून चिखलात चुन्याची पोती रिकामी करणं हा निव्वळ खर्च आहे. उलट कापणीपूर्वी पाणी सोडलं, जमिनीत हवा शिरली, की लोह पुन्हा गंजतं आणि माती पहिल्यासारखी आंबट होते. नेमक्या त्याच वेळी वाल पेरला जातो.

चुना द्यायचा तो इथे. सबंध शेतात फेकायला फार लागतो. पेरणीच्या चरीत गुंठ्याला २ ते ४ किलो पुरतो, मात्र दर हंगामी द्यावा लागतो. चुनखडीची किंवा शिंपल्यांची पूड वापरावी, पिठासारखी बारीक. भरड खडे मातीत तसेच पडून राहतात. भाजलेला कळीचा चुना दाहक असतो. तो बियाण्याजवळ नको, त्याने मुळं आणि रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) दोन्ही मरतात. चुना युरियात किंवा ताज्या शेणखतात कालवू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पूड चरीतल्या मातीत मिसळावी आणि मगच बी टाकावं. १० किलो बियाण्याला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट सावलीत चोळावं आणि बी लगेच पेरावं.

ओल टिकवणं तितकंच महत्त्वाचं. चिखलणी केलेली जमीन सुकताना दगडासारखी होते, भेगा पडतात, आणि भेगेतून खालची ओलही जाते. म्हणून कापणीनंतर दिवस न दवडता पेरावं आणि रोपं वर आली की दोन ओळींत पातेरा (वाळका पाला) किंवा पेंढा बोटभर जाडीचा पसरावा. पेंढा मातीत गाडू मात्र नये: त्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. गाडायचाच असेल तर बांधावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला भात लावण्याआधी आठवडाभर, गुंठ्याला ३० किलो. तो लवकर कुजतो.

राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला, हाच पातेरा जाळणं सर्वांत वाईट. तणाचं बी मरतं आणि थोडी राख मिळते, पण नत्र धुरात जातं. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळली तर रोपाला सिलिका आणि थोडं पालाश (पोटॅश) मिळतं, आणि पाला आच्छादनासाठी शिल्लक राहतो.

काम साधलं का, हे महिन्याभराने कळतं. वालाचं एक रोप कुदळीने मुळांसकट उचलावं, गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. पांढरट किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर शेतातल्या आठ-दहा जागी वीतभर खोल खड्ड्यातली माती काढून, एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो तपासायला द्यावी. बांध, झाडाची सावली आणि खताच्या ढिगाची जागा टाळावी, नाहीतर आकडा भलताच येतो.