पार्श्वभूमी : टिळकांना थांबवणारा गव्हर्नर

मुंबईच्या टाउन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या, उंच पायऱ्या चढून 10 जून 1918 रोजी लोकमान्य टिळक प्रांतिक युद्ध परिषदेला गेले. पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात होतं आणि सरकारला माणसं आणि पैसा हवा होता. अध्यक्षस्थानी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. भाषणाच्या सुरुवातीलाच त्यांनी होमरूलवाल्यांच्या, म्हणजे स्वराज्य मागणाऱ्यांच्या, हेतूंबद्दल शंका घेतली. टिळक उठले, राजनिष्ठा व्यक्त केली आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न स्वराज्यापासून वेगळा काढता येत नाही, असं मांडू लागले. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवलं: इथे राजकीय चर्चा चालणार नाही. टिळक सभागृहाबाहेर पडले. पाठोपाठ न. चिं. केळकर बोलायला उभे राहिले. त्यांनाही अडवलं गेलं, तेव्हा तेही निघून गेले. सहाच दिवसांनी मुंबईत निषेधाची सभा भरली आणि तिचे अध्यक्ष होते गांधीजी.

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलेल्या कितीतरी पिढ्यांच्या ओठांवर हे नाव आहे. नावामागचा माणूस मात्र फारसा माहीत नाही, म्हणून थोडं मागे जायला हवं.

विलिंग्डन यांचं मूळ नाव फ्रीमन फ्रीमन-थॉमस. जन्म 1866 चा, इंग्लंडमधल्या ससेक्समधला. आईचे वडील हेन्री ब्रँड हे ब्रिटिश कॉमन्स सभेचे सभापती होते. ईटन, केंब्रिज, मग ससेक्सकडून क्रिकेट. 1892 मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या मुलीशी लग्न झालं आणि सासरे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचे गव्हर्नर असताना जावई त्यांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, म्हणून तिकडे गेले. गव्हर्नराचं घर कसं चालतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. 1900 मध्ये हेस्टिंग्जमधून लिबरल पक्षाचे खासदार झाले, पुढे बॉडमिनमधून. 1910 मध्ये सरदारकी मिळाली आणि गावाच्या नावावरून ते ‘लॉर्ड विलिंग्डन’ झाले. राजे पाचवे जॉर्ज यांच्याबरोबर ते टेनिस खेळत. 1913 मध्ये मुंबईची गव्हर्नरी मिळाली ती अशा ओळखीपाळखीतल्या माणसाला. त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे.

मुंबईत ते लोकप्रिय होते, हे मान्य करावंच लागेल. शहरातल्या बड्या क्लबांमध्ये तेव्हा भारतीयांना सभासदत्व नव्हतं. विलिंग्डन यांनी ताडदेवच्या बाजूला, आजच्या हाजी अलीजवळ, गोरे आणि भारतीय दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन क्लब उभा केला. भारतीय पाहुण्याला एका क्लबच्या दारातून परत पाठवल्याचा राग त्यामागे होता, असं सांगतात. महायुद्ध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, सप्टेंबर 1914 मध्ये, त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. हे दुःख घेऊन त्यांनी पुढची चार वर्षं काम केलं.

पण क्लबमध्ये येणारा भारतीय म्हणजे संस्थानिक, गिरणीमालक, मोठा वकील. 1918 मध्ये गुजरातच्या, तेव्हा मुंबई प्रांतातल्या, खेडा जिल्ह्यात पीक बुडालं. पीक चार आण्यांहून, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या पाव हिश्श्याहून, कमी आलं तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करण्याचा नियम होता. शेतकरी म्हणत होते, पीक चार आणेही नाही. अधिकारी आपल्याच आणेवारीवर अडून बसले. गव्हर्नरांच्या सरकारने शेतकऱ्यांचं म्हणणं मानलं नाही आणि सत्याग्रह झाला. माझ्या मते विलिंग्डन समजून घ्यायचे तर क्लब आणि खेडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. भारतीय माणसाला ते आपल्या टेबलावर मनापासून जागा देत. त्याने हक्क म्हणून काही मागितलं की मात्र त्यांचे दरवाजे बंद होत.

डिसेंबर 1918 मध्ये ते मुंबई सोडणार, तेव्हा त्यांचं स्मारक करण्यासाठी त्याच टाउन हॉलमध्ये सभा बोलावली गेली. बॅरिस्टर जिना आणि त्यांच्या पत्नी रत्तनबाई विरोधकांना घेऊन सकाळीच आत जाऊन बसले. एवढा गोंधळ झाला की पोलिसांनी हॉल रिकामा केला. लोकांनी मग रुपया रुपया वर्गणी काढून काँग्रेस हाउसच्या आवारात जिना हॉल बांधला. स्मारक झालं ते विरोध करणाऱ्याचं.

आणि सांगलीचं कॉलेज? डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते जून 1919 मध्ये सुरू केलं. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेजही एका गव्हर्नराच्याच नावाचं. संस्थेला सरकार आणि संस्थानिक या दोघांचा आधार लागत असे. नाव दिल्याबद्दल त्या पिढीला दोष द्यावासा मला वाटत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना त्यामुळे घराजवळ कॉलेज मिळालं.

मुंबईनंतर मद्रास. तिथे त्यांनी द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती भारतीय मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नराकडे अशी व्यवस्था, राबवली आणि ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचं मंत्रिमंडळ नेमलं. त्याच कारकिर्दीत 1921 चं मलबारमधलं मोपला मुसलमानांचं बंड मोडलं गेलं. पुढे 1926 ते 1931 ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते.

एप्रिल 1931 मध्ये ते व्हाइसरॉय म्हणून दिल्लीला आले. सविनय कायदेभंग थांबवणाऱ्या गांधी-आयर्विन कराराला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. गोलमेज परिषदेहून गांधीजी 28 डिसेंबरला मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि त्यांनी व्हाइसरॉयना तार करून भेट मागितली. उत्तर आलं की सरकारने काढलेल्या दडपशाहीच्या वटहुकमांवर चर्चा होणार नाही. गांधीजींनी पुन्हा तार केली, पण भेट मिळाली नाही. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे मणिभवनात पोलीस आले. गांधीजींचा तो मौनाचा दिवस, सोमवार. तिथून त्यांना येरवड्याला नेलं. काँग्रेस बेकायदा ठरली आणि पहिल्या चार महिन्यांत सुमारे 80 हजार माणसं तुरुंगात गेली. त्याच येरवड्यात त्या वर्षी 24 सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी पुणे करारावर सही केली.

एप्रिल 1936 मध्ये विलिंग्डन परत गेले, मार्क्वेस ही वरची सरदारकी मिळाली आणि 1941 मध्ये लंडनमध्ये वारले. दिल्लीतल्या ‘लेडी विलिंग्डन पार्क’चं स्वातंत्र्यानंतर लोधी गार्डन झालं, विलिंग्डन हॉस्पिटलला राममनोहर लोहियांचं नाव मिळालं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या कॉलेजच्या पाटीवर अजून विलिंग्डनच आहे.