बॅकवॉटर की खाडी? सायकल-कयाकचा बेत आखण्याआधी

पवना धरणाच्या बॅकवॉटरवर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर, जमलेला बेत जसाच्या तसा उचलून कोकणातल्या खाडीवर नेणारे ग्रुप दर हिवाळ्यात दिसतात. सकाळी माउंटन बाइक, मग जेवण, तीन वाजता कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी. वेळापत्रक तेच, फक्त गाव बदललेलं. ‘दोन्हीकडे पाणी संथच आहे ना, मग काय फरक पडतो?’ हे वाक्य ऐकलं की मला खरोखर राग येतो. कारण त्या भरवशावर गेलेली माणसं शेवटी गुडघाभर चिखलातून कयाक ओढतात, नाहीतर धक्का समोर दिसत असूनही तिथवर पोचत नाहीत.

सायकलचं मी फार सांगत नाही. ज्यांनी तुंग-तिकोन्याच्या पायथ्याचे कच्चे रस्ते मारलेत, त्यांना कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, जड जाणार नाही. सड्यावर सावली नाही, पाणी जास्त घ्या, एवढंच. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटींवर सायकल चढवता येते, त्यामुळे खाडी ओलांडायला वळसाही पडत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर घरी येऊन चेन धुवा आणि तेल द्या. लाइफ जॅकेट दोन्हीकडे अंगात आणि बक्कल लावून. पाणी शांत आहे म्हणून ते सीटखाली सरकवणाऱ्याला मी काठावरच ठेवतो.

खरा फरक एकच आहे. धरणाचं पाणी तुमच्यासाठी थांबतं, खाडीचं थांबत नाही.

पवना, मुळशी, भंडारदरा इथे पाण्याची पातळी महिन्यांच्या हिशोबाने बदलते. पावसाळ्यानंतर काठोकाठ, मे महिन्यात खाली. तुम्ही आठला उतरलात काय आणि दहाला काय, काठ तिथेच असतो. खाडीत दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरतीची वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी मित्राला नऊ वाजता झकास पाणी मिळालं, म्हणून या शनिवारी तुम्हालाही मिळेल असं अजिबात नाही. बहुधा नेमकी उलटी अवस्था असेल.

शिवाय पाणी सहा तास एका लयीत उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा साधारण बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, सिंधुदुर्ग-गोव्याकडे तो साधारण २ मीटर असतो. एवढं पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडताना जी ओढ लागते, ती नवख्याच्या वेगाची बरोबरी करते. नवखा माणूस ताशी चारेक किलोमीटर वल्हवतो. समोरून तेवढीच ओढ आली की तो वल्हवत राहतो आणि जागेवरच राहतो. दमला की मागे जातो.

यावर उपाय कोकणात पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, ही भरतीची ढोबळ वेळ. तासाभराचा फरक पडू शकतो, आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकातली जवळच्या बंदराची वेळ बघाच. पण तारीख ठरवायला पाऊणपट पुरते. मी खाडीवर पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपला दशमी-एकादशीच सुचवतो, शुद्ध असो वा वद्य. सकाळी भरती मिळते आणि अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीचे, त्यामुळे ओढही सौम्य. सात वाजता चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी थबकलं की वळायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने. सायकल त्यानंतर, शक्यतो चार वाजता ऊन उतरल्यावर.

आधी शनिवार ठरवून मग भरती शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका.

दुपार मी का टाळतो? दुपारी समुद्रावरून वारा खाडीत शिरतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर पाणी बाहेर धावतं आणि वारा आत येतो. दोघं समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी आरशासारखी दिसलेली तीच खाडी तीन वाजता ओळखू येत नाही. आणि ओहोटी संपत आली की कांदळवनाच्या कडेला निव्वळ चिखल उरतो, खडकांवर धारदार कालवं. तिथे अनवाणी उतरायचं नाही.

सायकलवाल्या ग्रुपची एक चांगली सवय इथे घातक ठरते. फाट्यावर थांबून मागच्यांची वाट बघायची, ही ती सवय. खाडीत वल्हं थांबलं की तुम्ही वाहायला लागता. पुढचे धक्क्यापासून लांब जातात, मागचे वेगळ्याच प्रवाहात अडकतात. म्हणून सुरुवातीपासून हाकेच्या अंतरात राहायचं आणि वेग सगळ्यात हळू माणसाचा. जाणती माणसं एक पुढे, एक मागे.

बॅकवॉटरचा शत्रू वारा. धरणाचं पात्र रुंद आणि उघडं असलं की दुपारी तिथेही लाटा येतात, म्हणून कयाक पहाटेच आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे दमल्यावर वारा पाठीशी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात पाय रुततो, बुडालेली झाडांची खोडं वर येतात. उतरायला परवानगी आहे का, ते आधी विचारा. प्रत्येक धरणाचा काठ सगळ्यांना खुला नसतो.

ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त नवखे असतील तर मी बॅकवॉटरच निवडतो. तिथे बेत तासभर घसरला तरी निभावतं. खाडी त्यांच्यासाठी, ज्यांच्यातला एक तरी माणूस वेळ पाळायला लावेल. आणि खाडीवर जाणार असाल तर बोटवाल्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी त्याच्या धक्क्यावर पूर्ण भरती किती वाजता, आणि पाणी निम्मं उतरल्यावर तिथे लागता येतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो देऊ शकला नाही तर दुसरा बोटवाला शोधा.